कथा-कादंबरीतली पात्रं आणि आशयसूत्र कसं शोधायचं: अभिजात मराठी साहित्याकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

नावाजलेली जुनी कादंबरी वाचून होते, आवडतेही, पण "त्यात नेमकं काय आहे?" असं कुणी विचारलं की तोंडून फक्त गोष्ट बाहेर पडते. वाचनगटात नवीन आलेल्यांची हीच अडचण, बी.ए.ला मराठी घेतलेल्यांचीही हीच. मग गाईडमधलं तयार वाक्य हाताशी येतं: 'लेखकाने समाजातील विदारक वास्तवाचे प्रभावी चित्रण केले आहे.' हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला लावता येतं, म्हणून ते कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाही.

खाली दिलेली पद्धत वही-पेन्सिल घेऊन करायची आहे. सूत्र एवढंच: आधी पात्रं काय करतात ते पाहायचं, आशयसूत्र (पुस्तक काय सांगतं ते एका पूर्ण वाक्यात) सगळ्यात शेवटी लिहायचं. बहुतेकजण उलट करतात. 'ही दारिद्र्यावरची कथा' असं पहिल्या पानावर ठरवतात आणि उरलेली पानं तेवढंच शोधत वाचतात.

पुढे काही कथा-कादंबऱ्यांचे शेवट उघड केलेले आहेत. आधी मूळ पुस्तक वाचायचं असेल तर पहिल्या तीन पायऱ्या करून थांबा आणि पुस्तक संपल्यावर परत या.

लागणारं साहित्य

- पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती (संक्षिप्त नको, पाठ्यपुस्तकातला उतारा नको)
- शंभर पानी वही. डावं पान नोंदींना, उजवं पान नंतर सुचणाऱ्या गोष्टींना
- पेन्सिल आणि कागदाच्या पट्ट्या. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर फक्त पट्ट्या
- शब्दकोश: मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात
- काळाच्या संदर्भासाठी मराठी विश्वकोश, हाही ऑनलाइन आहे

समीक्षेचं पुस्तक या यादीत मुद्दाम नाही. ते नवव्या पायरीनंतर उघडायचं.

## १. कुठून सुरुवात करायची

कथेपासून. कथा एका बैठकीत संपते, त्यामुळे पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच वेळी डोक्यात राहतं. ही सवय लागल्याशिवाय चारशे पानांची कादंबरी हाताळता येत नाही.

एक उपयोगी क्रम असा: आधी अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा. मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), कारण ती छोटेखानी आहे, भाषा आजची वाटते आणि पात्रं भरपूर आहेत. नंतर विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). चौथी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो'. ती मोठी आहे आणि तिची भाषा १८९०च्या दशकातली आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) शेवटी ठेवा. ती सोपी वाटते, पण सांगणाऱ्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळल्याशिवाय ती हातात येत नाही.

## २. आवृत्ती तपासा

पुस्तक हातात आलं की आधी आतली पानं बघा: 'संक्षिप्त', 'संपादित', 'कुमारांसाठी' असं काही छापलंय का? जुन्या मोठ्या कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या बाजारात असतात. त्यांत कथानक शाबूत राहतं आणि कापली जातात ती दुय्यम पात्रं, म्हणजे आपल्याला हवी असलेलीच गोष्ट.

जुन्या छपाईत 'तें', 'नाहीं', 'कां' असे अनुस्वार दिसतील. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीची पुस्तकं तशीच छापलेली असणार. पाचदहा पानांत डोळ्यांना सवय होते. अनुस्वारांना घाबरून पुस्तक बाजूला ठेवू नका.

हरिभाऊ १९१९ साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांच्या प्रती ऑनलाइन मोफत आणि कायदेशीर मिळतात. बाकीची वर सांगितलेली पुस्तकं विकत घ्या किंवा ग्रंथालयातून आणा.

## ३. पहिलं वाचन: फक्त तीन नोंदी

पहिल्या वाचनात थांबायचं नाही. कथा एका बैठकीत, कादंबरी रोज पंचवीस-तीस पानं. वहीत तीनच गोष्टी उतरवायच्या: नवीन आलेल्या माणसाचं नाव आणि नातं, जागा बदलली तर नवी जागा, आणि काळ पुढे-मागे सरकला तर तसा शेरा. प्रत्येकापुढे पान क्रमांक.

आवडलेल्या वाक्यांखाली रेघा मारण्याचा मोह आवरा. पहिल्या वाचनात आवडतात ती सुभाषितवजा वाक्यं. ती लक्षात राहतात, पण आशय क्वचितच त्यांच्यात असतो.

'पण लक्ष्यांत कोण घेतो' वाचताना नात्यांचा तक्ता पहिल्या पन्नास पानांतच काढून ठेवा. एकत्र कुटुंब आहे आणि माणसांचा उल्लेख नावापेक्षा नात्याने जास्त होतो. 'मामंजी' हे सासऱ्याच्या पिढीतल्या माणसाला सुनेने लावायचं संबोधन आहे, हे माहीत नसेल तर शंकरमामंजी कोणाचा मामा या कोड्यात वाचक विनाकारण अडकतो.

## ४. घटनांची यादी करा आणि प्रत्येक घटनेपुढे 'कुणी केलं' ते लिहा

सगळी पद्धत या पायरीवर उभी आहे, म्हणून इथे वेळ घालवा. पुस्तक मिटवा. आठवेल तसं कथानक आठ-दहा ओळींत लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: ही गोष्ट पात्राने स्वतः केली (नि, म्हणजे निवड) की त्याच्यावर येऊन पडली (आ, म्हणजे आघात).

'स्मशानातील सोनं'ची यादी अशी होईल:

- वारणेकाठचा भीमा बायको-मुलीला घेऊन मुंबईला येतो. (नि, पण भाग पडून)
- उपनगरात दगडाच्या खाणीवर काम मिळतं. मग ती खाण बंद पडते. (आ)
- चितेच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. (आ)
- तो राख चाळू लागतो. (नि)
- पुढे पुरलेली मढी उकरू लागतो. (नि)
- एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून प्रेत वर काढतो. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. (नि, मग आ)
- बोटं कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं. (आ)

आता यादी नुसती पाहिली तरी कथेची बांधणी दिसते. खाण बंद होणं आणि खाण सुरू होणं ही कथेची दोन टोकं. दोन्ही भीमाच्या हातात नाहीत. त्याच्या सगळ्या निवडी या दोन टोकांच्या मधे आहेत आणि प्रत्येक निवड त्याला एक पायरी खाली नेते. राख चाळण्यात कुणाला इजा नाही. मढं उकरण्यात आहे. या दोन पायऱ्यांमधलं अंतर लेखकाने कसं भरलंय, ते शोधायला त्या भागाकडे परत जा. भीमा स्वतःची समजूत कशी घालतो? बायको काय म्हणते? त्यावर तो काय उत्तर देतो? भीमाचं पात्र या दहा-पंधरा वाक्यांत घडतं.

मग शरीराकडे बघा. भीमा प्रचंड ताकदीचा आहे. हीच ताकद खाणीत दगड फोडते आणि हीच स्मशानात माती उपसते. कोल्हेही त्याच मढ्यावर पोट भरायला आलेले असतात. माणूस आणि जनावर एकाच वस्तूसाठी एकमेकांवर तुटून पडतात आणि त्यात माणूस जिंकतो. जिंकल्यावर त्याचा हात जातो. हातच गेला तेव्हा हाताचं काम परत आलं. या जुळणीवर बोट ठेवता आलं की आशयसूत्र अर्धं सापडलं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे शेवटाला 'योगायोग' किंवा 'नियतीची क्रूर थट्टा' म्हणून मोकळं होणं. खाण माणसं बंद करतात आणि माणसंच सुरू करतात. नियतीवर सोडून दिलं की कथेतला मालक आणि मजूर हा सगळा धागा तुटतो.

## ५. पात्राचा तक्ता

एका पात्राला वहीचं एक पान. चार रकाने:

१) तो काय करतो २) तो काय बोलतो ३) बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणतात ४) निवेदक त्याच्याबद्दल काय सांगतो

प्रत्येक रकान्यात निदान दोन नोंदी, पान क्रमांकासह. मग रकाने एकमेकांशी ताडून बघा. चारही रकाने एकच सांगत असतील तर पात्र सपाट आहे. तो दोषच असतो असं नाही. शंकरमामंजी बऱ्यापैकी एकरंगी आहे आणि हरिभाऊंना तो तसाच हवा होता. कादंबरीची नायिका यमू विधवा झाल्यावर तिच्या सक्तीच्या केशवपनामागे जे घरातलं बळ उभं असतं, त्याला एक चेहरा लागतो.

रकाने जुळत नाहीत तिथे पात्र जिवंत होतं. 'बनगरवाडी'तला कारभारी घ्या. वाडीत त्याचा शब्द चालतो, नव्या मास्तराला तो आधार देतो, त्याच्यामुळे शाळेत पोरं येतात. हा पहिला रकाना. मग त्याची लेक अंजी मास्तराला चोळी शिवून आणायला सांगते. एवढ्याशा गोष्टीवरून कारभाऱ्याच्या मनात संशय येतो आणि त्याचं वागणं पालटतं. एकच माणूस; वाडीचा प्रमुख म्हणून उदार आणि बाप म्हणून धास्तावलेला. तक्ता भरताना 'उदार, मायाळू, अनुभवी' अशी विशेषणांची रांग लावली असती तर चोळीचा प्रसंग त्यात बसलाच नसता. म्हणून पहिल्या रकान्यात विशेषण लिहायचं नाही, फक्त क्रियापद. 'मदत करतो', 'बोलणं टाकतो', 'जवळ येतो'.

दुय्यम पात्रांना वगळू नका. त्यांचं काम बहुतेक वेळा तुलनेचं असतं. यमूची मैत्रीण दुर्गी हे त्याचं ठळक उदाहरण. यमूला शिकवणारा, समंजस नवरा मिळतो. दुर्गीचा नवरा वाया गेलेला. दोघी एकाच वयाच्या, एकाच वातावरणात वाढलेल्या. हरिभाऊ या दोघींना शेजारी ठेवून वाचकाला एक गोष्ट पटवतात: बाईचं सुख तिच्या गुणांवर अवलंबून नाही, कोणाशी लग्न लावून दिलं त्या एका गोष्टीवर आहे. आणि नवरा चांगला असला तरी तो गेल्यावर सगळं संपतं. दुर्गीचं पान भरलं नाही तर ही दुसरी गोष्ट कळणारच नाही.

'बनगरवाडी'त पात्रं खूप आहेत. सगळ्यांना पूर्ण पान देण्याची गरज नाही. कारभारी, अंजी, आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या आणि शेकूची बायको एवढ्यांचे तक्ते पुरतात. शेकूच्या बायकोची पानं थोडी आहेत, तरीही तिला यादीत ठेवा. बैल कमी पडतो म्हणून ती स्वतःला औताला जुंपून घेते. अख्ख्या कादंबरीत हालअपेष्टांबद्दल लेखक मोठ्याने काही बोलत नाही. तो हे एक दृश्य दाखवतो आणि पुढे जातो.

## ६. सांगतंय कोण?

निवेदकाची चौकशी केल्याशिवाय पात्रांबद्दल काहीच पक्कं म्हणू नका. तीन प्रश्न पुरतात: हा माणूस गोष्टीत आहे की बाहेर? त्याला काय माहीत असणं शक्य नाही? आणि तो हे कधी सांगतोय, घडत असताना की नंतर?

यमू स्वतःची गोष्ट सांगते, पण नंतर. म्हणजे कादंबरीत दोन यमू आहेत: भावाबरोबर खेळणारी अजाण मुलगी आणि सगळं भोगून झाल्यावर लिहायला बसलेली बाई. बालपणाच्या साध्या प्रसंगातही मधूनच दुसरीचा आवाज येतो. असे आवाज जिथे येतात तिथे पट्टी लावा. हरिभाऊंनी आपल्या आधीच्या लेखकांच्या अद्भुतरम्य कादंबरीपासून वेगळी वाट काढली ती बऱ्याच अंशी या आवाजाच्या जोरावर. एका पुरुषाने त्या काळी स्त्रीच्या तोंडून घरातल्या बारीकसारीक गोष्टी इतक्या नेमक्या लिहाव्यात, ही आजही थक्क करणारी गोष्ट आहे.

'बनगरवाडी'तला मास्तर वाडीत बाहेरून आलेला आहे. त्याला धनगरांच्या मनातलं कळत नाही, फक्त वागणं दिसतं. म्हणून कारभारी का रागावला हे वाचकालाही उशिरा कळतं. हे निवेदकाच्या जागेमुळे घडतं. लेखकाने माहिती दडवलेली नाही.

'रणांगण'मध्ये चक्रधर सांगतो, आणि स्वतःच्या जुन्या प्रेमभंगाने तो कडवट झालेला आहे. नाझी जर्मनीतून निसटलेली ज्यू तरुणी हॅर्टा त्याला बोटीवर भेटते. तिच्याकडे आपण बराच काळ त्याच्या डोळ्यांनी पाहतो. तिची पत्रं येतात तेव्हा प्रथमच तिचा आवाज मधे कुणी नसताना ऐकू येतो. चक्रधरने रंगवलेली हॅर्टा आणि पत्रांतली हॅर्टा, दोन्ही तक्ते वेगळे करा. कादंबरीचा सगळा भार त्यांच्यातल्या फरकावर आहे.

'कोसला'त सापळा दुसराच. पांडुरंग सांगवीकर आपलं बोलणं 'वगैरे', 'उदाहरणार्थ' अशा शब्दांनी सारखं सैल करत राहतो. नवे वाचक याला नुसती गंमत समजतात. हे शब्द कुठे येतात आणि कुठे गायब होतात ते मोजा. धाकटी बहीण मनी जाते तो भाग काढा आणि त्याआधीच्या कॉलेजच्या पानांशी ताडा. माणूस थट्टा कुठे करू शकत नाही हे कळलं की तो बाकी ठिकाणी ती का करत होता हेही कळतं.

लेखक म्हणजे निवेदक नव्हे. नेमाडे सांगवीचे आणि पांडुरंग सांगवीकर. दोघेही पुण्यात शिकले. म्हणून कादंबरीला आत्मचरित्र ठरवलं तर पांडुरंगाच्या चुका लेखकाच्या नावावर जमा होतात आणि लेखकाने त्या मुद्दाम दाखवल्यात हे निसटतं. लिहिताना 'नेमाडे म्हणतात' असं न लिहिता 'पांडुरंग म्हणतो' असं लिहा. एवढ्या एका सवयीने निम्मा गोंधळ कमी होतो.

## ७. काळ आणि जागा: किती वाचायचं

एका पुस्तकासाठी एक पान टिपण पुरे. शोधायचं ते पात्राच्या निवडीवर परिणाम करणारं. बाकी सोडा.

'पण लक्ष्यांत कोण घेतो' हरिभाऊंच्या 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. संमतिवयाचा (मुलीच्या शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणारा) कायदा १८९१ चा. त्यावरून पुण्यात रणकंदन चालू होतं. धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, म्हणजे कादंबरीनंतरचा. या चार नोंदींतून एक कळतं: यमूच्या बाजूने कागदावर कायदा होता, पण जाऊन राहायला जागा फारशी नव्हती. तिची कोंडी समजायला एवढं पुरतं. क्रमशः प्रसिद्धीमुळे प्रकरणांच्या शेवटी उत्सुकता ताणलेली दिसते आणि मधूनच लेखक वाचकाला उद्देशून बोलतो. त्याला 'पाल्हाळ' म्हणण्याआधी ती आठवड्याला थोडीथोडी वाचली जात होती हे ध्यानात घ्या.

'रणांगण'साठी दोन तारखा: ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे १९३५ चे, आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली गेली. कादंबरी १९३९ ची. पुढचा संहार लेखकाला माहीत असणं शक्यच नव्हतं. तो आपल्याला माहीत आहे, म्हणून वाचताना आपण तो नकळत मिसळतो. मिसळू नका.

'बनगरवाडी'चा मुलूख औंध संस्थानातला, माणदेशचा. औंधच्या राजाला व्यायामाचं, सूर्यनमस्काराचं मोठं वेड होतं. वाडीतल्या लोकांनी तालीम बांधणं आणि राजाने तिथे येणं हे त्यामुळे मनचं वाटत नाही. पावसाचा तुटवडा तर त्या भागाच्या पाचवीलाच पुजलेला.

## ८. पुन्हा पुन्हा येणारी वस्तू

दुसऱ्या वाचनात (हे करावंच लागतं, निदान कथेचं) एखादी वस्तू, जागा किंवा कृती तीनपेक्षा जास्त वेळा आली तर तिची वेगळी यादी करा. प्रत्येक वेळी ती कुणाच्या हातात आहे, कुठल्या अवस्थेत आहे ते लिहा. तालीम आधी कल्पना असते, मग सगळ्यांच्या घामाने भिंती उभ्या राहतात, मग समारंभ होतो आणि शेवटी दुष्काळात माणसं निघून जातात. एकाच इमारतीच्या या चार अवस्था म्हणजे वाडीचाच इतिहास.

प्रत्येक वस्तूला प्रतीक करू नका. मेंढरं आधी मेंढरं आहेत, धनगरांचं पोट आहेत. 'मेंढरं म्हणजे भोळी जनता' असं लिहिलं की मेंढरं मेल्यावर वाडी का उठते याचं साधं उत्तर हरवतं.

## ९. आशयसूत्राचं वाक्य

आता उजव्या पानावर या. एका शब्दात सांगता येतो तो विषय: दारिद्र्य, वैधव्य, प्रेम, दुष्काळ. आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं, आणि त्यात 'काय झालं की काय होतं' हे यावं लागतं.

विषय एक असूनही आशयसूत्र किती वेगळं असू शकतं हे पाहायचं तर प्रेमचंदांची 'कफन' मराठी अनुवादातून 'स्मशानातील सोनं'च्या शेजारी ठेवा. दोन्हीत दारिद्र्य आहे आणि दोन्हीत मेलेल्या माणसावर जिवंत माणसाचं पोट भरतं. 'कफन'मध्ये झोपडीत माधवची बायको बुधिया बाळंतपणाच्या वेणांनी तडफडत असते. बाहेर माधव आणि त्याचा बाप घीसू भाजलेले बटाटे खात बसतात; आत गेलो तर दुसरा जास्त खाईल म्हणून कुणी उठत नाही. मग तिच्या कफनासाठी मिळालेल्या पैशांची दोघे दारू पितात. भीमा काम मागतो आणि ते मिळत नाही; घीसू-माधव कामच टाळतात, कारण राबणाऱ्यांचीही अवस्था काही बरी नाही हे त्यांनी पाहिलंय. एका कथेत काम नसणं माणसाला खाली नेतं, दुसरीत कामाला किंमत नसणं. 'दोन्ही कथा दारिद्र्याचं चित्रण करतात' या वाक्यात हा फरक पूर्ण बुडतो.

वाक्य कसं सुधारत जातं ते 'बनगरवाडी'वर बघा.

पहिला खर्डा: 'बनगरवाडीत ग्रामीण जीवनाचं चित्रण आहे.' हा विषय झाला.

दुसरा खर्डा: 'एकत्र आल्यास माणसं मोठं काम करू शकतात.' हे तालमीपुरतं खरं आहे, पण कादंबरी तालमीवर संपत नाही.

तिसरा खर्डा: 'आपसातल्या वैराने, संशयाने जी वाडी मोडत नाही, ती पावसाने पाठ फिरवल्यावर मोडते.' हे वाक्य दादू बालट्याला सामावून घेतं, कारभाऱ्याच्या संशयाला सामावून घेतं आणि ओस पडलेल्या वाडीपर्यंत पोचतं.

वाक्य तयार झालं की तीन कसोट्या लावा. शेवटच्या पाच पानांना ते लागू पडतं का? मुख्य पात्राच्या सगळ्यात मोठ्या निवडीचं स्पष्टीकरण त्यातून मिळतं का? आणि त्याच्या विरोधात जाणारं एक तरी पान पुस्तकात आहे का? तिसरी कसोटी सगळे टाळतात. विरोधी पान मुद्दाम शोधा. सापडलं तर वाक्याला 'पण' जोडा किंवा वाक्य बदला. 'पण लक्ष्यांत कोण घेतो'बद्दल 'त्या काळी स्त्रीला सुख नव्हतं' असं लिहिलंत तर मुंबईचा भाग आडवा येतो. तिथे यमू नवऱ्यासोबत सुखात आहे, शिकते आहे, मोकळी बोलते आहे. मग वाक्य असं होतं: 'नवऱ्याच्या चांगुलपणामुळे बाईला मिळालेलं स्वातंत्र्य नवऱ्यासोबतच संपतं, कारण ते तिचं स्वतःचं कधी नव्हतंच.'

एका पुस्तकाला एकच आशयसूत्र असतं असं नाही. दोन चांगली वाक्यं निघाली तर दोन्ही ठेवा. पाच निघाली तर बहुधा ती पात्रांची वर्णनं आहेत.

समीक्षा आता उघडा. आपलं वाक्य लिहिलेलं असल्यामुळे समीक्षकाशी कुठे पटतं आणि कुठे नाही हे कळेल. आधी वाचलीत तर त्याचंच वाक्य आपलं वाटू लागतं.

## १०. लिहिताना

आठशे शब्दांचं टिपण किंवा उत्तर असेल तर कथानकाला शंभर शब्दांपेक्षा जास्त देऊ नका. सुरुवात आशयसूत्राच्या वाक्याने करा. त्यानंतर दोन किंवा तीन प्रसंग, प्रत्येकी दीड-दोनशे शब्द. प्रसंग आधी थोडक्यात सांगायचा, मग त्यातली कृती दाखवायची, मग ती आशयसूत्राशी जोडायची. निवेदकाबद्दल एक परिच्छेद हवाच. उरलेल्या जागेत विरोधी पान आणि त्याचं उत्तर.

अवतरण एका ओळीहून मोठं नको, आणि पुस्तक समोर नसेल तर अवतरण चिन्हं वापरूच नका. आठवणीतलं वाक्य हमखास बदललेलं असतं. परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं. पात्रांची नावं पुस्तकात आहेत तशी लिहा.

'विदारक', 'हृदयस्पर्शी', 'अजरामर', 'वास्तवदर्शी' हे शब्द लिहून झाल्यावर शोधून काढून टाका. काढल्यावर वाक्यात काही उरत नसेल तर ते वाक्यही काढा.

## ११. गटात वाचत असाल तर

चार ते सहा जण बरे. प्रत्येकाने एकच पात्र वाटून घ्यावं आणि त्याचा चार रकान्यांचा तक्ता भरून आणावा. मुख्य पात्र शक्यतो नव्या सदस्याकडे द्यावं, कारण त्याचे पुरावे सगळीकडे विखुरलेले सापडतात. बैठकीत पहिला अर्धा तास कुणीही मत सांगायचं नाही, फक्त तक्ते वाचायचे, पान क्रमांकासह. दोघांच्या तक्त्यांत एकाच प्रसंगाची नोंद वेगळी आली की तो प्रसंग मोठ्याने वाचायचा. आशयसूत्राची वाक्यं घरी लिहून आणायची आणि ती सगळ्यांची एकदमच वाचायची. नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याच्या वाक्याभोवती बाकीचे फिरत राहतात. प्रत्येक वाक्यावर तीन कसोट्या, एका वाक्याला दहा मिनिटं. मतभेद उरले तर तसेच वहीत नोंदवा आणि पुढच्या पुस्तकाची निवड करून उठा.